आता कोणाचा नंबर?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की विषय कसा भारदस्त हवा. गेल्या वर्षी आपण आहारशास्त्रावर ऐकले, त्याच्या आदल्या वर्षी मृत्युपत्रावर. यंदा चिटणीसबाईंनी मला विषय विचारला आणि मी "व्हिडिओ गेम" असे सांगितले, तेव्हा त्यांनी तो पुन्हा एकदा विचारला. आपल्या ऐकण्यात चूक झाली असावी असे त्यांना वाटले. चूक नव्हती हे कळल्यावर त्या वही मिटून म्हणाल्या, "अहो, पण आपल्यात तो खेळतं कोण?" या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच मी आज आपल्यापुढे उभी आहे.

गोष्ट १९९४ सालची. यजमान कचेरीच्या कामासाठी मुंबईला गेले होते. येताना मनीष मार्केटातून त्यांनी एक खोके आणले. आत एक पांढरट प्लॅस्टिकची पेटी, दोन रिमोट, एक बंदूक आणि एक पिवळी कॅसेट. किंमत ऐकून मी दोन दिवस अबोला धरला, कारण तेवढ्या पैशांत वाण्याचे महिन्याचे बिल भागले असते. त्या वेळी थोरला अकरा वर्षांचा होता आणि धाकटी नऊ वर्षांची.

ती पेटी म्हणजे एका जपानी यंत्राची नक्कल होती. मूळ यंत्र निंटेंडो या कंपनीने १९८३ साली जपानात विक्रीस आणले. त्याचे नावच 'फॅमिली कॉम्प्युटर', म्हणजे घरातल्या सगळ्यांचा संगणक. हे नाव आपण लक्षात ठेवा, पुढे मला त्याची आठवण द्यावयाची आहे. ही कंपनी मूळची क्योटो शहरातील. १८८९ साली तिचा जन्म झाला तो पत्ते बनविण्यासाठी. आपल्या सावंतवाडीला जशी गंजिफा रंगवितात, तसे तिथे फुलांचे हाताने केलेले पत्ते. तेव्हा घरातल्या माणसांना एका चटईवर बसविणे हा त्या कंपनीचा पिढीजात धंदा होता म्हणावयाचा. आपल्याकडे मात्र अस्सल यंत्र क्वचितच कोणाकडे असे. घरोघर आल्या त्या बहुतेक नकलाच. पण मुलांना त्याचे काय? बोरे जंगलातली की बाजारातली, हे खाणारा विचारीत नाही.

शाळा सुटली की आमच्या पुढच्या खोलीत आठ-दहा पोरे जमत. टीव्हीची अँटेनाची वायर काढून तिथे गेमची वायर लावली जाई, म्हणजे माझी मालिका गेलीच. कॅसेट चालली नाही की ती बाहेर काढून तिच्या तोंडात जोराने फुंकर मारावयाची, हा सगळ्यांचा ठाम उपचार. पुढे मला कळले की फुंकरीचा त्यात काही गुण नव्हता. कॅसेट काढून पुन्हा बसविली की तिचे धातूचे दात नीट टेकत आणि ती चाले. उलट तोंडाच्या वाफेने ते दात गंजत. म्हणजे आमच्या पोरांनी वर्षानुवर्षे औषध समजून अपथ्य केले. आपणही दृष्ट काढताना याहून वेगळे काय करतो?

सर्वांचा लाडका खेळ मारिओ. लाल टोपीचा, मिशीवाला बुटका माणूस धावतो, उडी मारतो आणि राजकन्येला सोडवितो. तो खेळ १९८५ सालचा. आठ जगे, प्रत्येकात चार टप्पे, असे एकूण ३२ टप्पे. मधे थांबून उद्या पुढे खेळण्याची सोय नाही. सातव्या जगात पोचल्यावर वीज गेली की सगळे संपले, पुन्हा पहिल्यापासून. त्या क्षणी खोलीतून जो एकसुरी "ओऽऽ" निघे, तो समोरच्या बिल्डिंगपर्यंत ऐकू जाई. आणि मग अंधारात, कंदील येईपर्यंत, पोरे गप्पा मारीत बसत. कोण कसे मेले, कोणत्या विटेत काय दडले आहे, याच त्या गप्पा. त्या वेळी मला वाटे, वीज गेली हे बरे झाले, पोरांचे डोळे तरी वाचले. त्या अंधारातल्या गप्पांचे मोल मला फार उशिरा कळले.

या खेळाची एक गोष्ट मात्र कोणत्याही गृहिणीला पटावी. तो सबंध खेळ अवघ्या ४० किलोबाइटांत बसविलेला आहे. आज आपण मोबाईलवर मोदकांचा एक फोटो काढतो, त्या एका फोटोच्या जागेत असे पन्नास खेळ सहज मावतील. इतक्या थोडक्यात भागवावयाचे तर काटकसर हवी. म्हणून त्यातले आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे ही एकच आकृती आहे. रंग तेवढा बदलला. कालचा भात आज फोडणीला टाकून पानात वाढावा, तसे. आणि त्या मारिओला मिशी का, तर त्याचा जनक शिगेरू मियामोतो याने १९८१ साली तो प्रथम काढला तेव्हा चित्राला ठिपके इतके थोडे होते की तोंड दाखविता येईना. म्हणून नाकाखाली मिशी दिली. केस हलताना दाखविता येईनात, म्हणून डोक्यावर टोपी घातली. अडचणीतून काढलेली सोय जगभर प्रसिद्ध झाली.

आणि मैत्रिणींनो, या खेळांची गुपिते कुठे छापून येत नसत. निदान आमच्या गावात तरी नाही. दुसऱ्या टप्प्यात छताच्या वरून धावत गेले की पुढच्या जगात नेणारे नळ सापडतात, हे आमच्या पोरांना कोणा मामेभावाने सांगितले. त्याला त्याच्या वर्गातल्या मुलाने. कॉन्ट्रा नावाच्या लढाईच्या खेळात सुरुवातीला बटणे ठराविक क्रमाने दाबली की तीनाऐवजी तीस जीव मिळत. हा क्रम मुळात काझुहिसा हाशिमोतो या जपानी गृहस्थाने १९८६ साली दुसऱ्या एका खेळात घातला होता. तो खेळ तपासून पाहावयाचा तर त्याला स्वतःलाच फार कठीण जाई, म्हणून त्याने आपल्यापुरती पळवाट ठेवली आणि ती तशीच राहून गेली. ती पळवाट जपानातून निघून आमच्या गल्लीपर्यंत आली ती निव्वळ तोंडातोंडी. जात्यावरच्या ओव्या आणि लोणच्याचे प्रमाण जसे आले, तशीच.

आता "आपल्यात कोण खेळतं?" या प्रश्नाकडे वळते. आमच्या सासूबाई खेळत. मुलांच्या मामाने एक हातात मावणारे यंत्र दिले होते, ब्रिक गेम म्हणून. वरून वेगवेगळ्या आकाराच्या विटा पडतात, त्या फिरवून अशा बसवावयाच्या की फट राहू नये. ओळ भरली की नाहीशी होते. पोरांना त्याचा लवकरच कंटाळा आला आणि ते सासूबाईंच्या उशाशी गेले. "सूनबाई, हे म्हणजे फडताळात डबे लावण्यासारखंच आहे गं," असे त्या म्हणत, आणि रात्री झोप लागली नाही की टिक टिक आवाज येई. त्या विटांचा मूळ खेळ टेट्रिस. १९८४ साली मॉस्कोतल्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव यांनी तो रचला. त्यांच्या संगणकावर चित्रेच काढता येत नव्हती, म्हणून विटा कंसाच्या चिन्हांनी दाखविल्या. खेळ जगभर गेला, परंतु त्याचा हक्क सरकारकडे होता; रचणाऱ्याला त्याचे मानधन मिळू लागले ते १९९६ पासून. घरच्या बाईने आयुष्यभर पदार्थ करावा आणि नाव दुसऱ्याचे व्हावे, तसेच हे. हे सासूबाईंना सांगावयास हवे होते, त्यांना फार पटले असते. पण तोवर त्या गेल्या होत्या.

आता माझ्या अपराधाकडे येते. १९९८ साली थोरला दहावीत गेला आणि घरात परीक्षेचे वातावरण सुरू झाले. एके दिवशी मुले शाळेत असताना रद्दीवाला आला. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर ती पेटी, दोन्ही रिमोट, बंदूक आणि सगळ्या कॅसेट मी त्याच्या तराजूत घातल्या. प्लॅस्टिकच्या भावाने त्याने त्या घेतल्या. थोरला घरी आला, मोकळा कोपरा त्याने पाहिला आणि काही न बोलता अभ्यासाला बसला. तो रडला असता, भांडला असता, तर मला बरे वाटले असते. त्या दिवसापासून आमच्या खोलीत पोरे जमेनाशी झाली. मी मनाशी म्हटले, आता घर कसे शांत झाले.

पुढे पुष्कळ वर्षे गेली. २०२० साली टाळेबंदी लागली तेव्हा मी पुण्याला थोरल्याकडे होते आणि तिथेच अडकले. रोज रात्री जेवणे झाली की तो कानाला यंत्र लावून संगणकापुढे बसे आणि हळू आवाजात हसे. मला काळजी वाटू लागली. एके रात्री मी खुर्ची ओढून शेजारी जाऊन बसले. पाहते तो काय, तीसएक माणसांची ती मंडळी. कोल्हापूरचे एक गृहस्थ, टोरांटोत राहणारी एक मराठी बाई, एक केरळी रेल्वे कर्मचारी, असेच कुठले कुठले लोक. सगळे चाळिशीच्या आसपासचे आणि बोलणे काय, तर कॅसेटची, फुंकरीची आणि वीज जाण्याची. थोडी अशी उजळणी झाली की मग कोणाच्या आईचे गुडघे, कोणाची गेलेली नोकरी. खेळ हे केवळ निमित्त होते. हळदीकुंकवाला आपण कुंकू लावून घेण्यापुरत्याच का जातो?

त्या मंडळीतले कोल्हापूरचे गृहस्थ एकदा चार दिवस दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी कोणीतरी विचारले, "त्यांचं काय?" चौथ्या दिवशी फोन केला. ते एकटे राहत असत आणि तापाने अंथरुणावर होते. मंडळीतल्या एकाची मावशी कोल्हापुरातच होती, तिच्या ओळखीने दाराबाहेर डबा ठेवला जाऊ लागला, डॉक्टरांशी बोलणे झाले. गृहस्थ बरे झाले. ज्यांनी हे केले त्यांतल्या बहुतेकांनी त्यांना प्रत्यक्ष कधी पाहिलेही नव्हते.

मी थोरल्याला म्हटले, "हे नवीनच दिसतंय." तो म्हणाला, "नवीन नाही, आई. फार जुनं आहे." त्याने सांगितले ते असे. १९७८ च्या जानेवारीत शिकागोला मोठे हिमवादळ झाले. घरात अडकलेल्या वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस या दोघा मित्रांनी टेलिफोनवरून संगणक जोडून निरोप लिहिण्याची एक पाटी तयार केली. कापडी फळ्यावर टाचणीने चिठ्ठ्या लावाव्यात, तशी. फेब्रुवारीत ती सुरू झाली. टेलिफोनची तार एकच, म्हणून एका वेळी एकाच माणसाला आत येता येई. त्याने वाचावे, लिहावे आणि बाहेर पडावे. मग दुसऱ्याचा नंबर. वाड्यातल्या एका नळावर हंडे लावावेत, तसे. थांबावे लागे म्हणून माणसे विचार करून लिहीत आणि पुढच्याचे लक्षपूर्वक वाचीत. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. नंतर अशा कितीतरी मंडळ्या झाल्या आणि बुडाल्याही. ऑर्कुटवर आपल्या मुलांनी किती गप्पा मारल्या. ते २०१४ साली बंद झाले. खेळांचेही तसेच. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ साली पाहणी केली, तेव्हा अमेरिकेत निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात विकत मिळत नाहीत असे आढळले. म्हणजे रद्दीवाल्याला देणारी मी एकटीच नव्हते; पण त्याने माझा अपराध काही कमी होत नाही.

त्या रात्री मी थोरल्याची क्षमा मागितली. तो हसला आणि म्हणाला, "अगं, ते मी केव्हाच विसरलो." मला मोठे समाधान वाटले. दुसऱ्या दिवशी तेच मी धाकटीला फोनवर कौतुकाने सांगितले. ती काही हसली नाही. थोडे थांबून म्हणाली, "आई, दादाचा गेम तू दिलास म्हणून त्याची क्षमा मागितलीस ते चांगलं केलंस. पण मला एक सांग, तुला माझा नंबर आलेला कधी आठवतो का?"

मैत्रिणींनो, मी पुष्कळ आठवून पाहिले. खोलीत दोन रिमोट होते. एक नेहमी थोरल्याच्या हातात, दुसरा त्याच्या कोणा मित्राच्या. धाकटी चटईच्या कडेला गुडघ्यांना मिठी घालून बसलेली. तिने "माझा नंबर" म्हटले की "थांब, एवढी लाईफ संपू दे" असे उत्तर येई. लाईफ संपे तेव्हा मीच आतून हाक मारी, "जरा पोळ्यांना मदत कर गं." छताच्या वरून जाण्याची वाट, नळांची जागा, तीस जिवांचा क्रम तिला थोरल्यापेक्षा अधिक पाठ होता, कारण चार वर्षे ती नुसती पाहत होती. घरातल्या सगळ्यांचा म्हणून ज्याचे नाव, तो खेळ आमच्या घरात दोघांचाच होता. जपानात १९८० साली तोरू इवातानी या गृहस्थाने पॅक-मॅन हा खाण्याचा खेळ काढला तो मुद्दाम मुलीबाळींनाही खेळाच्या दुकानात यावेसे वाटावे म्हणून. परक्या देशातल्या माणसाला जे सुचले, ते मला माझ्या घरात सुचले नाही.

जुन्या दिवसांची आठवण गोड असते यात शंका नाही. परंतु ती कोणाच्या जागेवरून काढली आहे, हेही पाहावे लागते. रिमोट हातात असलेल्याची आठवण आणि चटईच्या कडेवरची आठवण या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

हे मनात घोळत असतानाच आपल्या मंडळातली एक गोष्ट घडली, आणि खरे म्हणजे त्यासाठीच मी आज हा विषय घेतला. आपल्या मंडळाचा मोबाईलवर गट आहे. त्यात २१४ भगिनी आहेत. रोज सकाळी फुले, सुविचार, चहाचे कप यांचा पाऊस पडतो. गेल्या वर्षी आपल्यातल्याच एका भगिनीचे यजमान बावीस दिवस रुग्णालयात होते. त्या बावीस दिवसांत मी स्वतः त्यांना बावीस वेळा "शुभ सकाळ" पाठविली. त्या गटात बोलत नाहीत, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही, कारण त्या पूर्वीही फारशा बोलत नसत. यजमान गेल्यानंतर मला बातमी कळली ती दूधवाल्याकडून. तीस अनोळखी माणसांना चार दिवसांत जे कळले, ते एका कॉलनीतल्या २१४ बायकांना बावीस दिवसांत कळले नाही. मी भेटावयास गेले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "सगळ्या इतक्या बोलत असतात, मधेच आपलं कसं सांगायचं?" त्यांच्या अनुमतीनेच मी हे सांगते आहे. आमच्या धाकटीसारख्याच त्याही चटईच्या कडेला बसल्या होत्या.

दोष मोबाईलचा नाही. दोष हा, की आपल्या गटात कोणाचा नंबर आहे हे कोणी विचारीत नाही. शिकागोच्या पाटीवर एकच तार होती म्हणून नंबर आपोआप लागे. आपल्याकडे तारा पुष्कळ झाल्या, तेव्हा नंबर आपणच लावावयास हवा.

गेल्या दिवाळीत धाकटी आली ती एक जुनी पेटी शोधून घेऊन. तिने माळ्यावरचा जुना, पाठ असलेला टीव्हीही खाली काढावयास लावला. मी म्हटले, "नवा आहे ना भिंतीवर!" तेव्हा तिने समजावून सांगितले. बदकांच्या खेळातली ती बंदूक काही गोळी मारीत नाही. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीतला डोळा तो उजेड टिपतो. नव्या टीव्हीवर चित्र उमटण्यास किंचित उशीर होतो, तेवढ्यात बंदुकीची वेळ निघून जाते. ऐकून मला मौज वाटली. इतकी वर्षे मी समजत होते की बंदूक बदकाला काहीतरी पाठविते. खरे तर ती नुसती पाहत होती.

त्या संध्याकाळी आजूबाजूच्या पाचसहा जणींना बोलाविले. ज्यांच्याविषयी मी आत्ता सांगितले, त्याही आल्या. पहिला नंबर धाकटीचा, असे थोरल्याने आधीच जाहीर केले. ती अर्धा तास खेळली, एकदाही न थांबता. आणि मी तिला पोळ्यांना हाक मारली नाही. नंतर माझा नंबर आला. पहिल्याच तपकिरी अळंबीला धडकून मी मेले, दुसऱ्या वेळी खड्ड्यात पडून. आमच्या त्या मैत्रिणीने बंदूक घेतली. बदक सुटले की झुडपातून एक कुत्रा वर येऊन हसतो. तो कुत्रा हसला आणि त्याही हसल्या. मग चहा झाला आणि त्या हळूहळू बोलू लागल्या. आम्ही रात्री साडेनऊपर्यंत ऐकत होतो.

म्हणून माझी सूचना अशी आहे. मोठा गट कार्यक्रमांच्या निरोपांसाठी असू द्या. परंतु शेजारपाजारच्या दहा-बारा जणींची एक, अशा लहान मंडळ्या आपण कराव्यात. त्यात आयते निरोप पुढे ढकलू नयेत. पंधरवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमावे. निमित्त भरतकामाचे असो, भजनाचे असो की मारिओचे. आणि उठण्यापूर्वी एकीने विचारावे, "आज कोण बोललं नाही? आता कोणाचा नंबर?" येत्या गुरुवारी पहिली बैठक माझ्याकडे आहे. पेटी जोडलेली असेल, चहाही असेल. ज्यांना खेळता येत नाही त्यांनी अवश्य यावे, म्हणजे मी एकटी मरणार नाही.

 माझा नंबर पुष्कळ लांबला. आता दुसऱ्या भगिनीला बोलू देते.